सदोष ताव

सत्तावीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये, पांढऱ्या उजेडात,
अंगठ्याला रबरी टोपी घालून.
शाई पुसट, रेघ तुटकी, आकडा सरकलेला –
आधी बोट अडायचं, कारण मागून दिसायचं.
माझ्या हातून सुटलेला ताव
मला तरी कुणी आणून दाखवला नाही.

त्या बुधवारी डोळ्यात केस गेल्यासारखं झालं.
नळाखाली धुतला.
पदराच्या बोळ्यात फुंकर भरून शेकला.
केस निघेना.
जेवणाच्या सुट्टीत रत्नप्रभानं,
माझ्याच टेबलावरची, एकोणीस वर्षं शेजारी,
डबा बाजूला सारून पापणी वर ओढली
आणि तिचा आवाज ताव मोजतानाचा झाला:
"हलू नको. पांढऱ्यात रेघ आहे.
दोंदे, रेघ चालतेय गं."

बिटको चौकातला दवाखाना.
हनुवटी खाली टेकवा, कपाळ पट्टीला.
बोराडे डॉक्टरीणबाईंनी उजेडाची चीर सोडली.
उजेड तिला सोसला नसावा,
ती वळली, शिवणीतून निसटल्या दोऱ्यासारखी,
आणि पापणीखाली गेली.
बाईंनी मोबाइलवर टिपलेलं दाखवलं.
किळस यायला हवी होती.
मी म्हणाले, रेघ स्वच्छ उठलीय हो.

"घरी कुत्रं आहे?"
घरी नाही. दारात. तांब्या त्याचं नाव.
"मग त्याची असेल, किंवा दुसऱ्या कुणा कुत्र्याची.
वालदेवीत पाणवेल माजलीय, डास काय कमी आहेत?
त्याला चावला तो तुम्हाला चावला.
ही चुकून आली तुमच्याकडे.
माणसाच्या अंगात हिला जोडीदार सहसा भेटत नाही,
पिल्लं होत नाहीत.
एकटीच हिंडते कातडीखाली महिनोन्महिने."
बाई लिहीत होत्या, वर बघत नव्हत्या.
मी त्यांच्या पेनाच्या टोपणाकडे बघत राहिले.

गोळी?
"गोळीनं आत मेली तर डोळा सुजेल.
जिवंत काढायची. तेवढंच औषध."

फॉर्मवर एक रकाना होता: सोबत कोण.
रत्नप्रभानं माझ्या हातातून पेन घेतलं.

थेंब. पुन्हा थेंब. मग सुई,
जी टोचल्याचं मला फक्त कळलं.
डोळा माझा होता, पण भाड्यानं दिल्यासारखा.
वर दिवा, दिव्याच्या कडेला कापूस,
कात्रीचा आवाज कानात नाही, गालाच्या हाडात.
"निसटली."
कुणीच बोललं नाही मग.
भिंतीवरच्या पंख्याचं एक पातं खरखरत होतं.
"धरली. हुस्ना, बाटली."
हळू, हळू ओढत होत्या त्या,
उसवताना टाका तुटू नये तसं.

मिठाच्या पाण्यात अकरा सेंटिमीटर.
अजून हलत होती.
आठ काढायची, सहा काढायची, परत आठ,
जसा कुठलातरी क्रमांक आठवत असावी.
बाटलीवर माझं आडनाव चिकटवलं
आणि ती लॅबला गेली.

सात दिवस थेंब, दिवसातून चारदा. काळा चष्मा.
चाळीतले म्हणाले, महापालिकेला फोन कर,
गाडी येईल, घेऊन जाईल त्याला.
मी शनिवारी रिक्षा केली.
तांब्या आधी चढेना, मग माझ्याआधी चढला.
जनावरांच्या डॉक्टरांनी पायातून रक्त घेतलं,
काचेखाली पाहिलं, मान हलवली: आहेत.
आता महिन्याच्या महिन्याला गोळी,
भाकरीच्या पापुद्र्यात घालून.
तो पापुद्रा खातो, गोळी थुंकतो.
मी उचलून पुन्हा घालते.
घरात मच्छरदाणी आली.
दारातल्या फुटक्या घमेल्याचं पाणी मी ओतून टाकलं.

आमच्यात सदोष ताव फाडत नाहीत.
खूण करायची, मोजायचा, वेगळा ठेवायचा.
हिशेबातून तो जात नाही.

आठव्या दिवशी कामावर गेले.
पहिल्याच गठ्ठ्यात बोट अडलं.
पाहिलं. पुन्हा पाहिलं. नीट कळेना,
उजेडात डोळा अजून चुरचुरत होता.
मी ताव शैलीनं नाही, भीतीनंच
रत्नप्रभापुढे सरकवला.
तिनं चष्मा वर केला, वाकली.
"काही नाही गं," म्हणाली, "पापणीचा केस आहे. तुझाच."
आणि फुंकला.