बोअर क्रमांक सात, रिवण

जांभा बाविसाव्या मीटरला संपला.
खाली हिरवट शिस्ट, त्यात
बोटभर जाडीची गारेची शीर.
सगुण वेळीप गाभ्यावर तांब्याने पाणी ओततो
आणि ओरडतो, "बाय, हळदुवें!"

ताम्रमाक्षिक ते.
सोनं असं स्वतःहून सांगत नाही.

दीड महिन्याने प्रयोगशाळेचा कागद आला:
टनाला शून्य पूर्णांक चार ग्रॅम.
म्हणजे किती, बाय?
म्हणजे दहा टनी ट्रकभर डोंगर दळला
तर एक नथ, तीही हलकी.

तो बराच वेळ गप्प.
"ट्रक आसा म्हजो.
बंदीपासून उभा."

गाभ्याच्या पेट्या आम्ही नेल्या.
भोकावर सिमेंट, त्यातून वर आलेला पाइप,
पाइपवर रंगवलेला सात.

परवा फोनवर म्हणाला,
त्याला रेडकू बांधतो.
खूप खोल आहे,
उपटत नाही.