तळाचा चढ

पहाटेचे तीन. ड्रेक सामुद्रधुनी.
एवारिस्तो बारिएन्तोस विंचपाशी उभा.
चिलोए बेटावरचा माणूस, बोलणं मोजकं.
चार हजार मीटर तार सोडायची म्हणजे
तासभर कुणाशी न भांडता काढायचा, म्हणतो.

इथे वाऱ्याला अडवायला जमीन नाही.
तो पृथ्वीला प्रदक्षिणा घालत सुटलेला
आणि पाणी त्याच्या मागोमाग, मुकाट.
असं नाकासमोर धावणारं पाणी
खालच्याला वर येऊ देत नाही.

तळाशी मात्र डोंगर आहेत.
पडद्यावर त्यांची एक हिरवी रेघ,
झोपेतून दचकून उठल्यासारखी.
तो दोन हजार मीटर खोल अडथळा
प्रवाहाला थेट वरपर्यंत कळतो.
ठेच लागते, चाल नागमोडी होते,
आणि डोंगराच्या पाठीमागे
एकामागून एक भोवरे सुटतात,
जिल्ह्याजिल्ह्याएवढे.

"माझ्या इग्नासियाच्या डोक्यावर दोन आहेत,"
एवारिस्तो म्हणतो. "कंगवा हरतो.
केस उभे ते उभेच."

मी हसते, आणि हसता हसता वहीत लिहून ठेवते.

त्या भोवऱ्यांच्या खांद्यांवरून
जुनं पाणी चढतं, तिरक्या वाटेने,
घाटातल्या ओझेवाल्यासारखं.
ग्रीनलंडच्या बाजूला ते बुडालं
तेव्हा आमचं पुंता अरेनास नकाशावर नव्हतं.
वरून झरणारं मेलेलं सगळं
पोटात घेत त्याने शतकं काढली.
आता इथे येऊन सोडायचा
इतका वेळ धरून ठेवलेला श्वास.

पाच वीस. बाटल्यांचा सांगाडा वर येतो,
कड्यांना बर्फाची झालर.
वरचं पाणी: उणे एक.
पाचशे मीटरवरचं: अधिक दोन.
एवारिस्तोला हे पटत नाही.
खोल म्हणजे गार, हे त्याला आईने शिकवलंय,
विहिरीशी उभं करून.
मिठाचं ओझं आहे, मी सांगते,
म्हणून ऊब असूनही खाली राहतं.

"आमच्या सासऱ्यासारखं," तो म्हणतो.

नमुने भरून झाल्यावर
तो हातमोजा काढतो
आणि उरलेल्या धारेखाली बोट धरतो. बराच वेळ.
"हे आता जाणार कुठे?"
थोडं उत्तरेला, कोळंबीच्या पोटी.
थोडं दक्षिणेला, बर्फाच्या खालून, ऊब घेऊन.

तो काही बोलत नाही.
बोट शर्टाला पुसतो,
तारेला ग्रीस लावायला घेतो.
पुढचं ठाणं अकरा मैलांवर.
तिथे तळ आणखी वर येतो.