पुराव्यासाठी फोटो

पहाटे लेन्सवर वाफ धरते.
पुसली की पुन्हा धरते.
ओगुला म्हणतो, थांब जरा,
तिलाही उठायला वेळ लागतो,
आणि होडीच्या काठावर बसून
केळीच्या पानातली कसाव्याची कांडी सोलतो.

लोआंगोचा किनारा.
इथे जंगल समुद्राशी येऊन थबकत नाही,
सरळ वाळूत पाय टाकतं.
लाटांनी आणून टाकलेले ओकुमेचे ओंडके,
कुठल्या तरी कंपनीचा आकडा अजून अंगावर,
वर्षानुवर्षं कुणी न्यायला आलेलं नाही.
त्यातल्या एकाच्या आडोशाला मी पालथी,
कोपराखाली चुरचुरती वाळू,
मानेवर माशी, तिला हाकलायची नाही,
डोळा काचेला.

मला हवा होता लाटेत उतरणारा पाणघोडा.
इथे येणाऱ्या सगळ्यांनाच तो हवा असतो.
सतरा दिवस नुसती लाट आली.
तांबडे रानरेडे आले, माझ्याकडे
उधारी मागायला आल्यासारखे बघत उभे राहिले
आणि गेले.
अठराव्या दिवशी, ओहोटीला,
तो.

ठेंगणा, जंगलातला हत्ती,
सुळे सरळ खाली उतरलेले,
डाव्या कानाला खाच,
कंडक्टरने तिकिटाला पाडावी तशी.
फेसात सोंड घातली, झटकन काढली,
पुन्हा घातली.
मागून ऊन. कानाच्या कडेतून आरपार लाल.
मी श्वास धरला.
एकशे बारा वेळा शटर पडलं
आणि त्याने एकदाही विचारलं नाही, कशाला.

रात्री ओगुलाला दाखवले.
बराच वेळ बघून म्हणाला, छान.
मग म्हणाला, उद्या मावशीकडे चल.
कॅमेरा घे. मोठा नको, साधा पुरेल.

खाडीपलीकडे आझिझेमावशीचं कसाव्याचं रान.
रान कसलं,
उपटलेली खोडं, अर्धवट खाल्लेले कंद,
केळीचे गाभे उसवून टाकलेले,
आणि मधून चालत गेलेले
पाण्याने भरलेले गोल गोल ठसे.
कचेरीचा कागद ओगुलाच्या खिशात, घामाने मऊ झालेला.
चार फोटो, तारखेसह.
ठसा स्पष्ट हवा.
मापासाठी शेजारी काहीतरी ठेवावे.

मी पेन शोधत होते.
मावशीने चप्पल काढली
आणि ठशात पाऊल ठेवलं.
पाणी घोट्यापर्यंत आलं.
तिच्यासारखी आणखी तीन मावली असती.
थांब, म्हणाली,
डोक्याचा रुमाल नीट बांधून घेतला.
मी सांगितलं, फोटोत फक्त पाऊल येणार आहे.
असू दे, म्हणाली.

मग विचारलं, त्या डब्यात आणखी काय आहे?

मी दाखवलं.
सोनेरी फेस, सोंड, समुद्र.
तिने बोटाने पडदा पुसला, जणू तिथेही वाफ होती,
बोट डाव्या कानावर थांबलं.
हाच तो.
रागावली नाही.
शेजारच्या वाया गेलेल्या पोराचा
लग्नातला फोटो बघावा, तशी बघत राहिली.
फोटोत किती गरीब दिसतो, म्हणाली.
चारचौघांत सगळेच दिसतात.
मग ओगुलाला, हाही लाव अर्जाला.
ओळख पटायला.

म्हणून त्या अर्जाला आता पाच फोटो आहेत.
पाचव्यात नुकसान कुठे आहे,
असं कारकून विचारणार.
काय सांगायचं, ते ओगुलाने अजून ठरवलेलं नाही.
मीही नाही.

परत निघेपर्यंत मावशी खाली बसली होती,
मोडलेल्या खोडांचे वीतभर तुकडे करत.
कसावा असाच लागतो, काडीपासून.
एकेक काडी तिरकी धरून
ती जमिनीत दाबत गेली,
हत्तीने माती भुसभुशीत केली होती तिथे आधी.

याचा फोटो नाही.
धर, म्हणून तिने माझ्या दोन्ही हातांत
काड्यांची मोळी दिली होती.