पहा

शाहूपुरीत, छापखान्याच्या वर, आमचं कोशाचं ऑफिस.
खाली कटिंग मशीन चाललं
की वर 'क'ची कार्डं थरथरतात.

'कृषी विस्तार': साडेचार पानं, डॉ. हेरवाडकर.
उगम, व्याख्या, तीन प्रारूपं, संदर्भ अठरा.
'कृषी विस्तार सेवा': अकरा ओळी,
दादगोंडा मगदूम, निवृत्त कृषी सहायक, शिरोळ.
संदर्भ एकही नाही.
दोन्हींना मिळून एक टाचणी,
आणि मुख्य संपादकांची तांबडी पेन्सिल:
एकत्र करावे?
त्यांचं प्रश्नचिन्ह सवयीचं असतं.
त्याला उत्तर लागत नाही, कात्री लागते.

मलाही पटलंच होतं.
एकच गोष्ट दोनदा कशाला सांगायची?
तिसरा खंड आधीच फुगलाय,
बांधणीवाला रोज दोऱ्याच्या नावानं ओरडतो.

अकरातल्या सात ओळी डॉक्टरांकडे होत्याच,
अधिक शुद्ध:
बियाणं, माती परीक्षण, प्रात्यक्षिक, मेळावा.
आठवीला कात्री अडली.
'जमीन क्षारपड आहे का कळायला
चिमूटभर माती जिभेवर ठेवावी.
प्रयोगशाळेचा कागद महिन्यानं येतो.'

फोन लावला. पलीकडं कडबाकुट्टी चालू होती.
"काका, तुमची नोंद मोठ्या नोंदीत घालायची म्हणतेय."
"घाला की. बांध काढला तर चार सऱ्या वाढत्यात."
कुट्टी थांबली.
"पर बाई, मग चालायचं कुठनं?"

मग ते बोलतच राहिले.
गावात एकत्रीकरण झालं तेव्हा
चिंचेचा डाग, म्हसोबाची पट्टी, वड्याकडचं,
सगळं मिळून गट नंबर चारशे बारा झाला.
"उताऱ्यावर चारशे बारा.
न्याहारी अजून चिंचेच्या डागातच जाती."
"चिंच आहे अजून?"
"चिंच कवाच तोडली."

नोकरीच्या पहिल्या वर्षी एका दारात उभं राहून
म्हणाले होते, मी विस्तारवाला.
आत गेलेली म्हातारी
पळीत निखारा घेऊन बाहेर आली.
तिला वाटलं, पोरगं विस्तू मागायला आलंय.
"घेतला मी. काय करणार?
तिथंच उभं राहून सांगितलं,
आजी, ह्यानं पाचट तेवढं जाळू नगा."

तीस वर्षं दुसऱ्याच्या रानात उभं राहून
ते एकच शब्द बोलत आले: बघा.
ही सरी रुंद सोडलीय, बघा.
हिकडं पाणी निम्मं दिलंय, ऊस बघा.
"निम्मी माणसं ऊस बघायची.
निम्मी माझी सायकल."

डॉक्टरांनाही विचारलं.
म्हणाले, जिभेची ओळ काढा, शास्त्रीय नाही ती.
फोन ठेवला नाही त्यांनी.
जरा वेळानं म्हणाले,
आमचे वडील असंच करायचे.
थुंकायचे, आणि दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत.
मग म्हणाले, बघा तुम्ही काय ते.

नोंद एक केली.
जिभेची ओळ व्याख्येला लागूनच बसवली,
मधे जागा न सोडता.
खाली लेखक दोन:
एकाच्या नावापुढं पदव्या, दुसऱ्याच्या पुढं शिरोळ.
निखारा काही आत घेता आला नाही.
कोशात त्याला घर नाही;
तो माझ्या टेबलाच्या खणात, रद्दी कार्डाच्या पाठीवर.

आणि 'कृषी विस्तार सेवा' हे नाव
जिथं होतं तिथंच राहू दिलं,
पुढं कोशाच्या रीतीनं एकच शब्द:
पहा.

मुख्य संपादकांनी प्रश्नचिन्ह खोडलं,
चहा मागवला.
खाली मशीन सुरू झालं.
मी बोट जिभेला लावून पुढचं कार्ड काढलं.
'कृषी शिक्षण'.
त्यालाही टाचणी होती.