डावी बाजू

बर्बँकच्या स्टुडिओत, मेकअपच्या तीन नंबरच्या खोलीत,
मी बेद्रोस चिलिंगिरियनला एकोणीस वेळा मारलं.
बारा गोळ्या, चार सुरे,
एकदा विष (ओठ नुसते निळे, सोपं काम),
एकदा घोड्याखाली,
आणि एकदा कशानं ते कुणालाच ठाऊक नव्हतं,
पटकथेत फक्त 'सापडतो' एवढंच होतं.
गोळी असली की तो आपणहून डावं कानशील पुढे करायचा.
"इकडून मार. ही बाजू बरी आहे माझी."

पडद्यावर तो पीटर चिल्टन.
आजोबा कुलपं करायचे, आडनावाचा अर्थच तो;
एजंटानं किल्ली न शोधता फोडलं ते.
जन्म फ्रेझ्नोचा, मनुकांच्या वाळवणात वाढलेला,
पण फ्रेझ्नोचा माणूस म्हणून त्याला कधी कुणी घेतलं नाही.
सिसिलीचा न्हावी म्हणून घेतलं, बल्गेरियाचा हेर,
मेक्सिकोचा पाद्री, बगदादचा सावकार,
आणि सहा वर्षं, दर गुरुवारी रात्री,
धुळीच्या एका गावात तारमास्तर.
"तार आलीय, शेरीफ. वाईट आहे."
त्यातलं 'वाईट आहे' त्यानं स्वतःच्या पदरचं घातलेलं.
दिग्दर्शकानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं,
पुढच्या आठवड्यात ते छापूनच आलं.
त्या दोन शब्दांवर बेद्रोस आयुष्यभर खूश.

बाजारात लिंबं चाचपताना बायका थबकायच्या:
"तुम्ही आमचे जुने दंतवैद्य ना?"
तो नाही म्हणत नसे.
"रात्री घासता ना?" असं विचारायचा. गंभीरपणे.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही.
हेच आनुशनं मला एकदा बशा पुसताना सांगितलं, तिच्या शब्दांत.
काम नसलं की तो मेव्हण्याच्या चपलांच्या दुकानात.
तिथंही गिऱ्हाइकापुढे गुडघा टेकण्याची तऱ्हा
दर महिन्याला वेगळी.

एकदाच मोठं काम आलं. पात्राला नाव होतं.
म्हातारा साक्षीदार, अकरा वाक्यं, शेवटी रडू.
आनुशनं चाळीस माणसं जेवायला बोलावली.
चित्रपट लांबला, कापला,
उरला तो बायबलवर ठेवलेला एक हात.
त्या हातावरचे डाग मी काढले होते, ब्रशनं, एकेक.
चाळीस जण थिएटरात उठून उभे राहिले, हाताला टाळ्या वाजवत,
आणि मागचे लोक ओरडले, खाली बसा.

आता तो खोऱ्यातल्या वृद्धाश्रमात.
तारमास्तर अजून कुठं कुठं दाखवतात,
त्याचा चेक येतो: अकरा सेंट.
पाकिटावरचं तिकीट त्याहून महाग.
तो वटवत नाही, पुस्तकात खुणेला घालतो.
सध्याच्या पुस्तकात नऊ आहेत,
म्हणजे नऊ वेळा पुन्हा पहिल्यापासून.

गेल्या रविवारी गेले तर खुर्चीत डोळे मिटून,
तोंड किंचित उघडं, हात पालथा.
मेलेल्याचा हात कधी पुरता मिटत नाही,
हे मला त्यानंच शिकवलेलं.
छाती हलत नव्हती.
चाळीस सेकंद तो सहज काढायचा, पूर्वी.
मी मोजू लागले. तीस. पस्तीस.
बोटं आपोआप त्याच्या कपाळाकडे गेली, जुन्या जागेच्या शोधात.

"उजवं आहे ते," डोळे न उघडता तो म्हणाला.