पान सत्तेचाळीस

रात्री टोपी देठापासून कापली, कागदावर पालथी ठेवली,
अर्धा कागद काळा, अर्धा पांढरा,
वर आमटीची वाटी झाकली, वारा लागू नये म्हणून.
सकाळी वाटी उचलली तर पांढऱ्या अर्ध्यावर
हिरवट राख, बैलगाडीच्या आऱ्यांसारखी उमटलेली.
म्हणजे ही ती नव्हे,
जी मेढ्याच्या बाजारात पळसाच्या पानात बांधून येते.
तिची राख फिकट गुलाबी.

वरून दोघी सारख्या. गोऱ्या,
डोक्यावर तसंच तपकिरी टेंगूळ.
ठकूबाई आखाडे म्हणाली,
टोपीला काय विचारतोस, पायाला विचार.
काठीनं उकरत गेली. खरीचा पाय
हातभर खाली, निमुळता होत,
थेट वाळवीच्या घरात.
खोटीचा वीतभरही नाही,
गवतात नुसती टेकलेली, टाच सुजल्यासारखी.

मी वहीत लिहिलं :
देठाचा भूमिगत भाग लांब, मूळसदृश.
तिचं वाक्य बरं होतं. ते छापायचं धाडस झालं नाही.

तिच्याकडे सतरा नावं :
म्हशीचा कान, कुंभ्याची आळंबी, चेटकिणीची वेणी…
माझ्याकडे नऊ लॅटिन, त्यातल्या दोनांपुढे प्रश्नचिन्ह.
हिरव्या राखेवालीला मात्र ती नाव देत नाही.
जावेचं घर एका रात्री सगळंच्या सगळं ओकत होतं.
दवाखाना पाण्याच्या पलीकडे, बामणोलीला,
आणि लाँच सकाळी सात वाजता.
पुढचं तिनं सांगितलं नाही.
मी 'विषारी' या शब्दाखाली जाड रेघ मारली.

आश्विनात प्रतापगंज पेठेतून फोन आला, तिसरा फर्मा निघाला.
आसिफ बागवाननं ताव उजेडात धरला.
फोटो काय उठलाय सर, हिरवा जरा कमी बसलाय, एवढंच.
सत्तेचाळीसाव्या पानावरची राख
गुलाबीसर पांढरी होती.
मी खिशातून काचेच्या दोन पट्ट्या काढल्या,
मधे त्या सकाळचा कागद,
आणि छापलेल्या राखेशेजारी ठेवल्या.
तो बराच वेळ वाकून बघत राहिला.
मग आत जाऊन त्यानं मशीन बंद केलं.

बाराशे ताव.
पैशाचं बघू नंतर, म्हणाला,
पण हे असे रद्दीत नाही देता यायचे,
भेळ खाताखाता कुणीतरी वाचेल.
दोघं बसून फाडत होतो, उभे, आडवे,
चहा दोनदा आला.

पुस्तक घेऊन वर गेलो तेव्हा गवत पिवळं पडलेलं.
ठकूबाईला अक्षर नाही, चित्रं कळतात.
उजव्या पानावरच्या हिरव्यावर तिनं बोट ठेवलं,
पदराला पुसलं. हीच ती.
मग डावीकडे वळली, खरीकडे,
पान जवळ घेतलं, लांब धरलं,
फोटोच्या खालच्या कडेवरून नख फिरवलं
जिथं मीच, जागा पुरेना म्हणून, कापलं होतं.

आणि हिचा पाय रे?