टिंक्चरचा हिशेब

पूर्णेच्या लोको शेडचा फुटबॉल संघ
सात वर्षं घरच्या मैदानावर हरला नाही,
आणि का हरला नाही हे
हिंगोलीपासून जालन्यापर्यंत जो तो वेगळं सांगायचा.

बुटाच्या टाचेत फिशप्लेटचा तुकडा बसवतात म्हणे.
गौस फिटर पेनल्टी मारायला निघाला
की गोलकीपरच्या घरी आधी तार जाते म्हणे.
सेलूचा एक मास्तर पोरांच्या नडग्यांना
बांबूच्या कामट्या बांधून आणायचा,
वर मोजे, खिशात मारुतीचा शेंदूर.
गोल होवो न होवो,
पूर्णेहून माणूस लंगडतच गाडीत चढणार
हे तिकीट तपासनीससुद्धा धरून चालायचे.

मैदानावर गवत नव्हतंच.
इंजिनांची राख आणून पसरलेली, दाणेदार,
पडलं की गुडघ्यात जाऊन बसायची ती कायमची.
हाफ टाइम घड्याळावर नव्हता.
मनमाड पॅसेंजर सुटली की थांबायचं,
ती लेट असली तर खेळत राहायचं,
एकदा तर एक तास दहा मिनिटं,
समोरचा संघ पाणी पाणी करीत.
हे लोक आठ तास भट्टीत कोळसा मारून आलेले.
एवढंच असेल कदाचित गुपित.

माझे वडील रेल्वे दवाखान्यात कंपाउंडर.
रविवारी रात्री जेवताना त्यांच्या बोटांना आयोडिनचा वास.
फुटबॉलबद्दल ते कधी बोलले नाहीत.
ते गेल्यावर ट्रंकेत एक रजिस्टर सापडलं:
तारीख, नाव, जखम, टाके, टिंक्चर किती औंस.

तीन रात्री बेरीज केली.
पाहुण्यांचे टाके एकशे चार.
लोकोचे तीनशे एकोणीस.
नरसिंगलू गोलकीपर: हनुवटी, हनुवटी, कान, पुन्हा हनुवटी.
इग्नेशियस शंटर: भुवई, आणि तारखेविना एक बरगडी.
गौस फिटर, ज्याचं नाव घेतलं की
जालन्यातली पोरं मुकाट जेवायची,
त्याच्या एकट्याच्या नावावर बेचाळीस,
आणि एका ओळीपुढं वडिलांनी
कुणाला दिसू नये इतक्या बारीक अक्षरात
लिहिलंय: रडला.

(हिशेब वडिलांचा, आणि वडील लोकोचेच.
पाहुणे आपले टाके आपापल्या गावी घालून घेत असतील.
हे मला चौथ्या रात्री सुचलं.)

तरी गेलो.
शेड नाही. मैदानावर खताच्या गोण्यांचा धक्का.
गौसचाचा फाटकापलीकडं, जावयाच्या सायकल दुकानात,
पंक्चरच्या परातीशी बसलेले.
म्हटलं, चाचा, उगाच बदनाम केलं तुम्हाला,
मार तर तुम्हीच खाल्लाय, बघा, आपण छापून आणू.

त्यांनी चष्मा पुसला. बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली.
त्या एका शब्दापाशी थांबले.
"कंपाउंडरसाब लई बारीक लिहायचे."
मग रजिस्टर मिटून माझ्या पिशवीत परत घातलं.

"कुणाला दाखवू नको.
मागल्या महिन्यात वसमतचा एक म्हातारा आलता,
नातवाला घेऊन.
पायजमा वर करून खोक दाखवली त्यानं पोराला,
म्हणला, ह्या माणसानं केली ही, ह्यानं.
पोरगं माझ्या पायाकडं असं बघू लालतं…"

पुढचं बोलले नाहीत. ट्यूब पाण्यात दाबली
आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहत राहिले.

वसमतचा संघ पूर्णेला कधी आल्याची नोंद नाही,
सात वर्षांत एकदाही.
मी बोललो नाही.

पिशवी उचलून रस्त्याला लागलो तर मागून हाक:
"ए, कंपाउंडरच्या पोरा,
जरा लंगडत जा.
लोक बघू लालेत."